मेरी मान गई

हिंदीत मानेला गर्दन म्हणतात हे मला चांगलं माहीत आहे. ग्वाल्हेरात जन्मले, इथेच शिकले, इथेच लग्न झालं, इथल्याच भाजीवाल्यांशी इतकी वर्षं हुज्जत घालतेय. पोरींना ओरडते ते हिंदीत, देवाला तेवढी मराठीत हाक मारते. पण मागून पिकअप येऊन माझ्या गाडीवर आदळली तेव्हा माझ्या तोंडून गर्दन काही निघाली नाही. मार बसला की माणूस आईच्या भाषेत ओरडतं, त्याला मी काय करणार?

किला गेटच्या अलीकडे एक म्हैस रस्ता ओलांडत होती. तिला जाऊ द्यावं म्हणून मी गाडी थांबवली होती. मी उभी होते, हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. मागून धाडकन आवाज आला, डोकं आधी मागे गेलं, मग पुढे आलं, आणि मानेत असा काही झटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कशीबशी दार उघडून बाहेर आले. दोन्ही हातांनी मान धरली होती आणि ओरडत होते, "मान गेली! अरे, मेरी मान गई रे!"

माणसं जमली. पिकअपवाला आधी घाबरलेला होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग माझं ओरडणं त्याच्या कानात शिरलं आणि मेल्याचं तोंड एकदम उजळलं. "सुना सबने?" तो लोकांकडे वळून म्हणाला. "मैडम खुद मान गईं!"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत मान गई म्हणजे कबूल झाली. मी जिवाच्या आकांताने म्हटलं, "अरे नाही रे बाबा, मान! मेरी मान!" तो हवालदाराला म्हणाला, "देखिए साहब, बार-बार बोल रही हैं. गाड़ी पीछे ले ली थी इन्होंने, देखा नहीं." हवालदाराने मला विचारलं, "क्यों मैडम, आपने मान लिया?" आता नाही म्हणून मान हलवावी, तर मानच हलेना. गर्दन हा साधा शब्द, रोज शंभर वेळा वापरते, तो तोंडात येईना. मी नुसती पुतळ्यासारखी उभी. हवालदाराने काय समजायचं ते समजून घेतलं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, आतले स्नायू आणि बंध ताणलेत, चाबूक ओढल्यासारखा झटका बसला की असं होतं. त्यांनी गळ्यात पट्टा घातला आणि घरी पाठवलं. आमचे हे पट्ट्याकडे बघून म्हणाले, "चला, इतक्या वर्षांनी का होईना." मला हसायची सोय नव्हती. हसलं तरी कळ यायची. पण त्या दिवशी त्यांनी स्वतः वरणभात लावला आणि मला चमच्याने भरवला, म्हणून त्यांना माफ केलं.

माझी ओळख करून द्यायची राहिली. मी मल्लखांब शिकवते. गोरखीजवळच्या एका व्यायामशाळेत सकाळी पोरींचा वर्ग घेते. जमिनीत पुरलेला सागवानी खांब असतो, उभ्या माणसापेक्षा बराच उंच, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. पोरी त्यावर मांड्यांनी पकड घेऊन चढतात आणि हात सोडून, उलट्या होऊन, एका पायाच्या आधारावर नाना तऱ्हा करतात. आमच्या वेळी मुलींना फक्त दोरीचा मल्लखांब असे, खांब मुलांचा. मी वडिलांच्या मागे लागून लागून त्यांच्या नाकी नऊ आणले आणि खांबावर चढले. आमचे पूर्वज इथे फौजेबरोबर आले. फौज केव्हाच संपली, पण आमच्या घराण्यात अंगाला तेल लावून झटापट करायची खोड काही गेली नाही.

शिकवणारी म्हणजे काय करते? खांबाखाली उभी राहते. मान वर, डोळे वर, हात तयार. वरची पोर निसटली की झेलायची. सगळा धंदा हाच, तास दीड तास मान वर करून उभं राहायचं. लोकांच्या माना मोबाइलमुळे खाली गेल्यात, माझी वर गेलेली होती. आणि नेमकी तीच जायबंदी झाली.

पट्टा निघाल्यावर, जरा इकडेतिकडे बघता यायला लागल्यावर, मी एका सकाळी व्यायामशाळेत गेले. पोरी धावत आल्या, गळ्यात पडू लागल्या. मी म्हटलं, "अगं लांबून, लांबून!" तेवढ्यात आमचे सचिव आले. सचिव म्हणजे गोरापान, सडसडीत म्हातारा, त्यांचे आजोबा-पणजोबा दरबारच्या कचेरीत होते. त्यामुळे हे कुणालाही आपण म्हणतात आणि कितीही वाईट बातमी असली तरी मऊ आवाजात देतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

"यावं, बसावं," काका म्हणाले. बघते तो दाराजवळ टेबल मांडलेलं, त्यामागे खुर्ची, खुर्चीवर नवी गादी. "प्रवेशाचं काम आता आपण बघावं. पालकांशी आपण छान बोलता."

मी पालकांशी कधीही छान बोललेले नाही. मी सरळ विचारलं, "आणि खांबाखाली कोण?"

काकांनी चष्मा पुसला. "बाई, आपणच पोलिसांसमोर कबूल केलंत ना, की मागे न बघता गाडी घेतली. समितीत चर्चा झाली. कुणाचं म्हणणं पडलं की नजर पूर्वीसारखी राहिली नसेल. मुलींची जबाबदारी आहे. आता आपणही मान जाइए."

ऐकलंत? मराठी माणूस, दरबारी घराणं, आणि मला मान जाइए म्हणतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समितीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याची पोलीस ठाण्यात ओळख होती, त्याच्याकडून ही खबर आली होती. म्हणजे त्या पिकअपवाल्याने रस्त्यावर उडवलेली थाप माझ्याआधी व्यायामशाळेत पोचली आणि माझ्या जागी येऊन बसली. मी म्हटलं, "काका, समिती बोलवा. आत्ताच्या आत्ता नाही, रविवारी बोलवा, पण सगळे आले पाहिजेत."

रविवारी सगळे आले. आमच्या समितीत निम्मे मराठी, निम्मे हिंदी बोलणारे. मी उभी राहिले आणि सगळी हकिगत सांगितली. म्हैस, धडक, पिकअपवाला, आणि "मेरी मान गई" ओरडणं. ते वाक्य ऐकल्याबरोबर मराठी बाकावर जो हशा पिकला! एकजण टेबलावर हात आपटून हसत होते. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिंदी बाक मात्र मख्ख. त्यांच्यातले एक शेठजी, लाकडाचा व्यापार असलेले, ज्यांनी आमचा खांब दिला, ते बिचारे म्हणाले, "इसमें हँसने की क्या बात है? मान गईं तो मान गईं."

मग काकांनीच समजावलं. "शेठजी, हमारी भाषा में गर्दन को मान कहते हैं."

"अच्छा! और इज़्ज़त को?"

"उसको भी मान."

शेठजी विचारात पडले. "तो आप लोगों को पता कैसे चलता है कि क्या टूटा?"

आता तेही हसायला लागले. सगळी समिती हसली. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई, आता ती खुर्ची उचलून चुलीत घाल. ठरलं की दोष माझा नव्हता, मी काही कबूल केलं नव्हतं, समितीचा गैरसमज झाला होता. काकांनी डोळे पुसले, चष्मा घातला आणि नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "पण बाई, मान तर खरंच गेली ना?"

इतका वेळ मी शब्दासाठी भांडत होते. शब्द सुटला आणि मान तशीच राहिली. काका म्हणाले, आपण तपासणी करून घ्यावी, बरी झाल्याचं लिहून आणावं, जागा आपलीच आहे. तोवर खुर्ची.

तपासणीला लेकीने नेलं. ती गाडी चालवता चालवता मला शिकवत होती. "आई, प्लीज़, तिथे लढायचं नाही हं. जो पूछेंगे वो बता देना, बस. तुझ्या अशा स्वभावानेच ना, लोग घबरा जाते हैं." मी म्हटलं, "माझ्या स्वभावावर तुझं शिक्षण झालंय." ती म्हणाली, "लो, शुरू हो गईं."

फिजिओथेरपीवाली पोरगी चाळिशीच्याही खूप आतली. शांत. इतकी शांत की मला राग यावा. मला म्हणाली, "आइए आंटी." मी म्हटलं, "आंटी नको. मॅडम म्हण." ती म्हणाली, "ठीक है मैडम," आणि हसलीही नाही.

आधी एका छापील कागदावरचे प्रश्न. वजन उचलता येतं का, वाचता येतं का, गाडी चालवता येते का, झोप लागते का, करमणुकीचं काही करता येतं का. सगळ्याला मी "हो, हो" म्हणत गेले. मग मीच विचारलं, "वर बघता येतं का, हे नाही विचारत?" ती म्हणाली, "इसमें नहीं है." मी म्हटलं, "मग हे कुणासाठी बनवलंय? ज्याला आयुष्यभर पुस्तकात तोंड घालून बसायचंय त्याच्यासाठी?" लेकीने कपाळाला हात लावला.

मग तिने माझ्या डोक्याला एक मापायचं यंत्र लावलं आणि म्हणाली, हनुवटी खांद्याकडे न्या. मी नेली. ती म्हणाली, "मैडम, कंधा मत घुमाइए." मी म्हटलं, कुठे घुमवला? तिने माझे दोन्ही खांदे मागून धरले आणि म्हणाली, "अब." आता मान अर्ध्यावर अडली. चोरी पकडली गेली होती. मी पोरींच्या अशाच चोऱ्या पकडते. गुडघा वाकवून वरची पकड घेतात आणि म्हणतात, मैडम हो गया.

इथवर ठीक होतं. दुखण्याला मी भीत नाही. दुखणं आणि मी एकाच घरात वाढलोय. पण मग तिने माझ्या कपाळाला पट्टी बांधली, पट्टीवर छोटा टॉर्च, त्यातून लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडे. भिंतीवर एकात एक गोल काढलेला कागद होता. ठिपका मधोमध आणला. ती म्हणाली, डोळे मिटा, मान पूर्ण उजवीकडे न्या, आणि आता जिथून सुरुवात केली होती बरोबर तिथे परत या. तिथे आलात असं वाटलं की डोळे उघडा.

हात्तिच्या, मी म्हटलं, ही काय परीक्षा झाली! डोळ्यांना पट्टी बांधून खांब करणारी बाई मी. हवेत उलटी असताना माझा अंगठा कुठे आहे हे मला न बघता ठाऊक असायचं. डोळे मिटले, मान नेली, परत आणली. अगदी नाकासमोर सरळ. शंकाच नव्हती. डोळे उघडले.

ठिपका कागदावरच नव्हता. कागदाच्या बाहेर, विजेच्या बटणांजवळ थरथरत होता.

मी म्हटलं, टॉर्च हलला असेल. पुन्हा केलं. पुन्हा बाहेर. परत केलं, आणि डाव्या बाजूनेही केलं. माझं अंग मला छातीवर हात ठेवून सांगत होतं की तू सरळ आहेस, आणि मी वाकडी होते. इतकं वाईट मला अपघातातही वाटलं नव्हतं. मी तिथे रडले. लेक घाबरून उठली, मला जवळ घ्यायला आली. मी म्हटलं, "बस खाली, काही झालं नाही."

फिजिओवालीने सांगितलं की झटक्यामुळे मानेच्या सांध्यांकडून मेंदूला चुकीची खबर जाते, हे होतं, सरावाने सुधारतं. मी म्हटलं, सुधारेल ते सुधारेल, तू आज लिहून दे की ठीक आहे. ती म्हणाली, "लिख दूँगी. फिर आप ऊपर देखेंगी, चक्कर आएगा, और उस वक़्त ऊपर से बच्ची…" मला तिचा भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती.

मग सराव. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात झोपायच्या खोलीच्या भिंतीवर मी तसाच कागद चिकटवला. रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसायचं, कपाळाला टॉर्च, डोळे मिटून इकडे, तिकडे, परत. हे पलंगावर बसून बातमी द्यायचे. "डावीकडे गेलीस. आता वर. आता फार वर, पंख्याला लागलीस." एकदा म्हणाले, "अगं, पन्नाशी उलटली. पोरींना दुसरं कुणी शिकवेल. सोड आता." मी म्हटलं, "तुम्ही चहा सोडा, मग मी खांब सोडते." ते उठून चहा करायला गेले, दोन कप आणले, आणि पुन्हा कधी सोड म्हणाले नाहीत.

मध्ये व्यायामशाळेत जाऊन खुर्चीवरही बसले. खोटं कशाला बोला? नवीन गादी मऊ होती, पण माझ्या बुडाला काटे टोचत होते. तिकडे माझी मोठी विद्यार्थिनी, लांब वेणीची, कॉलेजात जाणारी, माझ्या जागी उभी होती. पोरगी चांगली आहे, हात मजबूत आहेत. पण तिची नजर पोरीच्या हातांवर असे. हात काय बघायचे? पोर पायातून सुटते. मी दारातून ओरडे, "पाय बघ, पाय!" तर इकडे एखादी आई विचारे, "मैडम, फ़ीस कितनी है?"

दुसऱ्या तपासणीला ठिपका घरी आला. उजवीकडून आला, डावीकडून आला, मधल्या गोलात येऊन बसला. मान दोन्ही खांद्यांपर्यंत गेली, फिजिओवालीने खांदे धरलेले असताना गेली. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, थांब. उभी राहिले, मान मागे टाकली आणि छताकडे बघितलं. खांबाखाली बघते तसं.

थोडा वेळ बरं गेलं. मग छत डावीकडे सरकायला लागलं. मी दात दाबून बघत राहिले. छत फिरलं, पाय गेले, फिजिओवालीने मला काखेत हात घालून धरलं आणि तपासणीच्या पलंगावर आडवं केलं.

"ये शायद रहेगा," ती हळू आवाजात म्हणाली. "कम होगा. पूरा जाएगा कि नहीं, मैं झूठ नहीं बोलूँगी." मग म्हणाली, सामान्य कामांसाठी तुम्ही ठीक आहात असं मी आज लिहून देऊ शकते. मी विचारलं, सामान्य काम म्हणजे काय? "घर का काम. गाड़ी. बैठने का काम."

बैठने का काम! सगळी दुनिया मला बसवायला निघाली होती. मी वर बघत पडून राहिले. छताला पंखा होता. एका पात्याला गंज लागला होता, तो फिरून फिरून कुठे येतो ते मी बघत होते. बराच वेळ बघत होते. मग लक्षात आलं की पंखा फिरतोय, मी फिरत नाहीये. खोलीही नाही. मान उशीवर टेकलेली, सरळ, आणि डोळे थेट वर. मी जितका वेळ म्हणाल तितका वेळ वर बघू शकत होते.

मी फिजिओवालीला म्हटलं, "तुला माझी खरी तपासणी करायचीय ना? मग इथे नाही. उद्या सकाळी व्यायामशाळेत ये." ती म्हणाली, ऐसा नहीं होता मैडम. मी म्हटलं, "होत नाही ते मला सांगू नको. मुलींना खांब होत नव्हता." आणि ती आली. शिंची इतकी शांत, पण आली.

काका होते, शेठजीही आले होते, समितीतले आणखी दोघे. मी सलवार-कुर्त्यावर ओढणी कमरेला घट्ट बांधली, एक गादी ओढून खांबाच्या बाजूला घेतली, कुणी पडलं तर माझ्यावर पडणार नाही इतक्या अंतरावर, आणि सगळ्यांसमोर उताणी झोपले.

मग पोरी खीखी करून हसल्या. काका म्हणाले, "बाई, आपण… असं… आडव्या?"

"हो, आडवी," मी म्हटलं. "लाज वाटत असेल तर तिकडे बघा. मी वर बघतेय."

शेठजी गडबडून खरंच तिकडे बघायला लागले. मी वेणीवालीला खांबाखाली उभं केलं आणि माझ्या सगळ्यात लहान पोरीला हाक मारली, चढ म्हटलं. ती खांबापाशी आली, हाताला तेल लावलं, आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"मैडम, पकड़ेगा कौन?"

आजवर या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं. मैं हूँ ना, चढ. ते शब्द जिभेवर आलेही. सगळे ऐकत होते. काका, शेठजी, फिजिओवाली, रांगेतल्या पोरी. मी ते गिळले.

"मी नाही पकडणार," मी तिला सांगितलं. "आता मला जमत नाही. दीदी पकड़ेगी."

"तो आप क्या करोगी?"

"मी बघणार."

पोर विचार करत उभी राहिली. मुलं तुमच्यावर दया करत नाहीत, तो त्यांचा मोठा गुण. तिने वेणीवालीचे हात बघितले, मग माझे डोळे बघितले. आणि चढली.

खालून आडवं होऊन मी खांब पहिल्यांदाच असा बघितला. उभी असताना मला पोरीची पाठ दिसायची, आता सगळंच दिसत होतं. टाच, घोटा, मांडीची पकड, पोटऱ्यांवरचं तेल. ती वर गेली, पायांनी अढी घातली, म्हणजे खांबाला कात्रीसारखा विळखा, आणि एक हात सोडला. मग दुसरा. कमरेतून मागे उलटी झाली. वेणीवाली हातांकडे बघत होती. मला डाव्या गुडघ्यामागची घडी उघडताना दिसली, जराशी, केसाएवढी.

"डावा पाय! पकड तिला, पकड!"

वेणीवालीचे हात वर गेले आणि मग पोर सुटली. आधी हात गेले, मग पोर सुटली. अलगद हातांत आली, डोकं खाली, केस लोंबत, घाबरायलाही तिला वेळ मिळाला नाही.

कुणीतरी "वाह" म्हणालं, बहुतेक शेठजी. त्यांनी वळून बघितलं होतं तर. फिजिओवाली माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली. तिने माझी तपासणी केली, जशी खोलीत करायची तशीच.

"दर्द है?"

"है."

"चक्कर?"

"नहीं."

"पहले जैसा लग रहा है?"

मी हो म्हटलं असतं तर ती माझ्याकडे बघून कदाचित तसं लिहितीही. पण पोर अजून वेणीवालीच्या कडेवर होती. मी इतकी वर्षं झेललेल्या पोरींचं वजन माझ्या हातांना आठवत होतं, आणि ते आता माझ्या वाट्याला येणार नव्हतं. आडवं असलं की रडणं लपवताही येत नाही. पाणी सरळ कानांत जातं.

"नहीं," मी म्हटलं. "लिखो, नहीं. पहले मैं पकड़ती थी. आणि हेही लिही की उद्यापासून मी रोज येणार आहे. इथेच. या गादीवर."

ती लिहायला लागली. काका पुढे आले. त्यांचाही चेहरा कसनुसा झाला होता. माझ्या डोक्याशी वाकून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "उठावं बाई. कळलं आम्हाला. उठावं आता." त्यांच्या खांद्यामागून तेलाने माखलेली ती पोर डोकावली, उतरून आली होती. म्हणाली, "मैडम, एक बार और?"

मी काकांचा हात घेतला नाही.

"काका, जरा सरका," मी म्हटलं. "मला खांब दिसत नाहीये."